आधी लग्न, मग विहीर

केशोराव मास्तरांनी सिनेमा काढायचं मनावर घेतलं, तेव्हा सावरटोल्यात सिनेमा पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यांतलीही काही गोंदियाला धान विकायला गेली असताना टॉकीजच्या सावलीत भजी खाऊन परत आलेली. पण गावात मोजणी करताना तेवढं चालायचं. मास्तर मात्र खरोखर आत जाऊन बसलेले. दोनदा. दोन्ही वेळा खेळ पौराणिक, आणि दोन्ही वेळा शाळेची पोरं बरोबर, त्यामुळे पडद्यापेक्षा पोरांकडेच लक्ष जास्त. एवढ्या पुंजीवर माणूस सिनेमा काढायला निघतो, याला धाडस म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

दोष द्यायचाच तर आधी गुलाबचंदला द्यायला हवा. पोवारांच्या घरचा हा थोरला मुलगा. धान उदंड, काम बेताचं. कलकत्त्याला एका लग्नाला गेला आणि येताना चावी देऊन चालणारा सिनेमाचा कॅमेरा घेऊन आला. आल्याबरोबर त्यानं आपली म्हैस काढली, मग बैलजोडी काढली, मग पुन्हा म्हैस काढली. तेव्हा कुठे त्याला कळलं की सिनेमाला गोष्ट लागते. आणि गोष्ट म्हटली की गावात एकच माणूस, शाळेच्या संमेलनात दरसाल नाटुकलं लिहिणारे केशोराव मास्तर. दिवाळीनंतर सावरटोल्याची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, पंचक्रोशीतले पाहुणे येतात, रात्रभर दंडार होते. म्हणजे नाच, सोंगं, गाणी, आणि बायकांच्या वेषात गावचेच पुरुष. यंदा दंडारीच्या आधी आपला घरचा सिनेमा दाखवायचा, असा गुलाबचंदचा बेत.

"पन मास्तरजी, पिक्चर पिरेमाची पाहिजे," त्यानं बजावलं. "म्हशीची मी काढून ठेवलो."

प्रेम हा शब्द ऐकून मास्तरांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. हेडमास्तर माणूस, गळाबंद कोट, कपाळावर कायम दोन आठ्या. पण 'नाही' काही तोंडातून निघेना. मंडईच्या गर्दीत, पाहुण्यांसमोर, 'कथा व मार्गदर्शन : केशोराव मास्तर' अशी अक्षरं पडद्यावर उजळताना त्यांना बसल्या जागी दिसू लागली होती. त्यांनी एकच अट घातली. अभ्यासाशिवाय आपण काही करत नाही. आधी प्रेमाचा एखादा आदर्श चित्रपट मिळवायचा, त्याचं नीट पृथक्करण करायचं, मग पुढलं.

आदर्श चित्रपट गोंदियाला मिळाला. तिथल्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवणारा श्यामलाल गुलाबचंदच्या ओळखीचा. कुण्या हौशी बंगाली माणसानं काढलेला, अर्ध्या तासाचा, मुका असा एक प्रेमाचा सिनेमा त्याच्याकडे दोन गंजक्या डब्यांत पडून होता. मंडईच्या दिवशी मी स्वतः येऊन घेऊन जाईन, असं सांगून त्यानं डबे दिले.

आता दाखवायची मशीन हवी. ती विकासाच्या ऑफिसात होती, गाडी आणि जनरेटरसकट. त्या दिवसांत आपलं राज्य नुकतंच बदललं होतं. काल-परवापर्यंत नागपूरकडे जाणारे कागद आता मुंबईकडे निघाले होते, आणि ऑफिसातल्या रबरी शिक्क्यांना आपण नेमके कोणत्या राज्यात आहोत ते अजून कळलेलं नव्हतं. मास्तरांचा अर्ज एका शिक्क्यानं मंजूर झाला आणि दुसऱ्यानं परत आला. शेवटी तिथल्या बाबूनं चष्मा काढून मन मोकळं केलं. मशीन शेतीच्या प्रचाराची आहे, प्रेमाला तरतूद नाही. मास्तरांनी विनवण्या केल्या, गुलाबचंदनं चिन्नोर तांदळाचं नाव काढलं, आणि मध्यम मार्ग निघाला. दरवेळी आधी कंपोस्ट खताची फिल्म दाखवायची. ती संपल्यावर मशीन गरम असेतोवर काय दाखवता, ते ऑफिस विचारणार नाही.

अशा रीतीनं शाळेच्या आवारात, दिवेलागणीला, चुन्यानं रंगवलेल्या भिंतीवर सावरटोल्यानं प्रेम पाहिलं, पण दरवेळी खतानंतर. पुढे गावात कंपोस्टचे खड्डे फार सुरेख होऊ लागले. मास्तरांच्या पदरात या सगळ्या प्रकरणातून पडलेलं निर्विवाद यश तेवढंच.

डब्यांवर नंबर होते, पण गंजाखाली. गुलाबचंदच्या हाताला जो डबा आधी लागला तो त्यानं आधी चढवला. तो दुसरा होता. म्हणजे गोष्टीचा उत्तरार्ध आधी झाला आणि पूर्वार्ध मागून. हे सावरटोल्यात कोणाच्याही लक्षात आलं नाही. अगदी मास्तरांच्याही नाही.

कारण जे दिसलं ते सगळ्यांना फार रीतसर वाटलं. पहिल्याच धडाक्यात लग्न. नवऱ्याच्या डोक्यावर उंच टोपी, नवरीनं विड्याच्या पानांनी तोंड झाकलेलं, मग रडारड, मग पाठवणी. मागून चढवलेल्या डब्यात तोच नवरा खांद्याला पिशवी अडकवून एकटाच रस्त्यानं येतो. विहिरीवर तीच मुलगी पाणी भरत असते. तो ओंजळ पुढे करतो, ती पाणी ओतते, ओतता ओतता त्याच्याकडे पाहत राहते, आणि पाणी ओंजळीबाहेर सांडत राहतं. मग दोघं चोरून झाडाखाली भेटतात, हसतात, खेळ खलास.

"नोकरीवरून परतला वाटते," शेजारच्या बकारामनं खुलासा केला. बकाराम धान पिकवायचा आणि सल्ले द्यायचा. दोन्ही पिकं त्याची बाराही महिने जोरात. "लग्नात तिनं तोंड झाकलं होतं, यानं पाहिलाच नाई. आता कशी वळखू येईल? माह्या लग्नात मी कोनाले पाहिलो? डोळ्यापुढं बाशिंग. बायको वळखू आली ते धानाच्या रोवण्यात, तेबी आवाजावरून."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांच्या बाजूला तर एकदोघींनी पदरानं डोळे टिपले. स्वतःच्याच नवऱ्याला परका समजून पाणी पाजणारी ती पोर प्रत्येकीला घरचीच वाटली.

मास्तर तर हरखून गेले. त्यांची मोठी धास्ती मिटली होती. प्रेमाची गोष्ट म्हणजे काहीतरी आंबट असणार, ही त्यांची समजूत. आणि इथे तर आधी लग्न, मग ओळख, मग प्रेम, असा शाळेतल्या पोरांनाही दाखवता येईल असा क्रम. त्यांनी तो सिनेमा पुन्हा पाहिला, आणि पुन्हा, आणि दरवेळी त्याआधी खत पाहिलं. पाठाची टिपणं काढावीत तसं त्यांनी प्रेमाचं पृथक्करण केलं: हेतू, प्रस्तावना, विषयप्रवेश, उजळणी. आणि या अभ्यासातून एक सिद्धांत निघाला, जो ते भेटेल त्याला ऐकवू लागले. प्रेम नजरेत नसतं, प्रेम सांडलेल्या पाण्यात असतं. जितकं पाणी वाया, तितकं प्रेम खरं.

आता आपल्या सिनेमाला नायिका हवी. दंडारीतली नावाजलेली बाई म्हणजे मनिराम. पेट्रोमॅक्सच्या उजेडात मनिराम लुगडं नेसून मान वळवायचा तेव्हा परगावचे पाहुणे शिट्ट्या मारायचे. तो हौसेनं आला, विहिरीवर उभा राहिला, गुलाबचंदनं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि लगेच काढला. दंडारीत मनिराम अप्सरा दिसे. उन्हात तो मनिरामच दिसला. त्याला नको म्हणताना मास्तरांना फार जड गेलं. मनिरामनं मात्र त्या वर्षी दंडारीत बाई व्हायचं नाही असं ठरवून राजाचं काम मागून घेतलं.

गावातल्या कोणाची बायको कॅमेऱ्यापुढे, तीही परक्या पुरुषाला पाणी पाजत, उभी राहणार? सल्ले पुष्कळ आले. बकाराम म्हणाला, बाई काढूनच टाका, शंकरपटाच्या शर्यतीतले बैल दाखवा, लोक बैल पाहतेत. दुसरं कोणी म्हणालं, पाणी बाईच्या जागी दोरानं घागर सोडून पाजावं. शेवटी गुलाबचंद म्हणाला, "मास्तरजी, हीरो तुमी अन् हीरोईन वैनी. नवरा-बायकोले कोन काय म्हनंल?"

मास्तरांची बायको देवकाबाई चुलीपुढे बसली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिनं मास्तरांशी दोन शब्द बोललेले नव्हते, मास्तरांनी तिला नावानं हाक मारलेली नव्हती. घरात 'ऐकलं का' आणि बाहेर तेही नाही. गावाची रीतच तशी. मास्तरांनी सिद्धांत समजावून सांगितला, कला म्हणजे काय ते सांगितलं, तोंड दिसणार नाही, पाठमोरीच काढू, अशी हमी दिली. तिनं भाकर उलटली आणि विचारलं,

"बाई कोन हाय म्हनून कोनी पुसलं तं?"

"सांगीन माझी बायको आहे म्हणून."

"चारचौघांत?"

"चारचौघांत."

ती तोंड फिरवून हसली. मास्तरांना ते दिसलं नाही, कारण ते पाठमोऱ्या चित्रीकरणाचा विचार करत होते.

शूटिंगच्या दिवशी विहिरीवर कोणी यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून सगळा गाव आला. गुलाबचंदनं चावी दिली. मास्तर खांद्याला पिशवी अडकवून, कोटाची बटणं लावून, परक्यासारखे रस्त्यानं आले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. देवकाबाईनं पाणी ओतलं. धार बारीक, सरळ, बरोब्बर ओंजळीत. एक थेंब बाहेर नाही.

"सांडव," मास्तर दातांतून म्हणाले.

"काऊन?"

"सिनेमात सांडतं."

"सिनेमातल्या विहिरीचा दोर कोन ओढते?" ती पदराआडून म्हणाली. "एक घागर वर येतवरी हातायची सालं निंघतेत. अन् तुमी म्हनता सांडव."

मास्तरांनी परोपरीनं सांगून पाहिलं. फिल्म संपत चालली, गुलाबचंद ओरडू लागला, पण देवकाबाईच्या हातून पाणी काही सांडलं नाही. मास्तरांच्या सिनेमात प्रेमाचा जो मुख्य मुद्दा, तोच राहून गेला. 'सौभाग्यवतीस कलेची जाण नाही,' असं त्यांनी त्या संध्याकाळी बकारामला मोठ्या खेदानं सांगितलं. बकारामनं बैलांची आठवण करून दिली.

फिल्म धुवायला मुंबईला गेली आणि बऱ्याच वाटा फिरून, मंडईच्या तोंडावर, एकदाची परत आली. तोवर बातमी पसरली होती. प्रमुख पाहुणे म्हणून गोंदियाचे एक वकीलसाहेब यायचे ठरले. सिनेमातलं त्यांना फार कळतं असं गुलाबचंद म्हणायचा. त्यांच्या हस्ते नायिकेचा लुगडं-नारळ देऊन मान करायचा, असंही त्यानं जाहीर करून टाकलं. लुगडं हिरवं, काठ लाल. देवकाबाईनं ते त्याच्या घरी एकदाच पाहिलं होतं. घरी येऊन तिनं पेटी उघडली आणि त्या काठाला जुळेल असं चोळीचं कापड वर काढून ठेवलं.

मंडईच्या संध्याकाळी शाळेच्या आवारात मुंगीला वाट उरली नाही. पुढे बाकावर वकीलसाहेब आणि त्यांच्याबरोबर आलेली गोंदियाची पोरं, मागे सावरटोला, एका अंगाला बायका. देवकाबाई त्यांच्यात, धुवट लुगडं नेसून, अगदी कडेला, म्हणजे नाव पुकारलं तर कोणाच्या अंगावरून जावं लागू नये. रीतसर खत झालं. वकीलसाहेबांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. फिल्मला वास नव्हता, पण विषयच तसा. मग मास्तर हातात वेताची छडी घेऊन भिंतीजवळ उभे राहिले. आधी आदर्श चित्रपटाचं सोदाहरण विवेचन, मग आपला सिनेमा, असा क्रम त्यांनीच लावला होता. नुसता सिनेमा दाखवला असता तरी चाललं असतं. पण विद्वत्ता ही खरजेसारखी. चारचौघांत दाबून ठेवता येत नाही.

मशीनवर आज श्यामलाल स्वतः होता. डबे परत न्यायला आला होता, म्हटलं चला, आपणच चालवून देऊ. त्यानं नेहमीप्रमाणे पहिला डबा पहिला लावला.

"प्रेमाचा पाया विवाह," मास्तरांनी छडी भिंतीवर टेकवली. "पाहा, आता लग्न लागेल."

भिंतीवर मुलगा पिशवी घेऊन रस्त्यानं येऊ लागला. मास्तरांचं तोंड लोकांकडे होतं, भिंतीकडे ते पाहतच नव्हते. त्यांना सगळं पाठ होतं. नवरीनं तोंड झाकलं आहे ते पाहा, असं ते म्हणाले तेव्हा भिंतीवर मुलीचं तोंड चांगलं हातभर उघडं होतं आणि ती पाणी सांडत होती. गोंदियाची पोरं हसली. मास्तरांनी वळून पाहिलं, छडी उंचावली आणि मशीन थांबवायला लावली.

"डबे उलटे लावलेत तुम्ही," ते श्यामलालला म्हणाले, वर्गातल्या चुकार पोराला म्हणावं त्या आवाजात. "आधी लग्नाचा लावा."

"मास्टरजी," श्यामलाल बिडी विझवत म्हणाला, "लड़का-लड़की पहले मिलते हैं. शादी आख़िर में होती है."

"कुठे होते अशी?"

"सब जगह. हर पिच्चर में."

आता बाकावरचे वकीलसाहेबही हसू लागले. आणि मास्तरांची बाजू घ्यायला, देवानंच पाठवल्यासारखा, बकाराम उठला. "मास्तर बरोबर सांगून राह्यले," तो गरजला. "लग्न झाल्याबिगर पोरगी पोराकडे पाहीलच कायले? तुमच्या गोंदियात पाहत असंल." सावरटोल्यानं होकार भरला. बायकांतूनही कोणी म्हणालं की खरंच आहे, आम्ही इतके दिवस पाहून राहिलो, आधी लग्नच होते. गोंदिया एका बाजूला, सावरटोला दुसऱ्या बाजूला, आणि मधे छडी घेतलेले मास्तर. वकीलसाहेबांनी रुमालानं डोळे पुसत विचारलं, "म्हणजे मास्तर, एवढे दिवस तुम्ही हे उलटंच पाहिलंत? आणि त्याचा अभ्यास केलात?"

बकाराम त्यांची बाजू घेत नसता तर मास्तरांना थोडं बरं वाटलं असतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं म्हणतात. मास्तरांना शाळेच्या आवारातला कंपोस्टचा खड्डाही चालला असता.

तेवढ्यात गुलाबचंदनं, लाज झाकायची म्हणून, घाईघाईनं आपली फिल्म चढवायला लावली. अक्षरं उजळली, पण 'केशोराव' वाचायला कोणी भानावर नव्हतं. भिंतीवर मास्तर कोट घालून परक्यासारखे चालत आले आणि लोक पुन्हा हसले. मग विहीर. पाठमोरी बाई दोर ओढते आहे, घागर कमरेवर घेते आहे, सावकाश वळते आहे. हसणं थांबलं. ती चाल, ते दोराला दिलेले हात, काही केल्या नजर हटेना. मागे बायका कुजबुजल्या. बाकावरच्या एका पोरानं शिट्टी मारली, दुसऱ्यानं तिला जोड दिली, आणि वकीलसाहेब मागे वळून मनापासून म्हणाले,

"वा. मास्तर, ही बाई कोण हो?"

सगळं आवार मास्तरांकडे पाहू लागलं. याच प्रश्नाचं उत्तर चुलीपुढे ठरलेलं होतं. फार मोठं उत्तर नव्हतं, दोन शब्द. पण शिट्टी अजून कानात होती. एवढं हसं झाल्यावर आता हेडमास्तरानं बायकोला शिट्ट्यांपुढे उभं केलं, हेही लोक बोलणार. मास्तरांची जीभ भलतंच बोलून गेली.

"बाई नाही ती," ते म्हणाले. "आमचा मनिराम आहे. दंडारीतला."

पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वकीलसाहेबांनी तर कमाल म्हणून मांडीवर थाप मारली. पुढच्या रांगेत मनिराम राजाच्या मिशा चिकटवून, कमरेला लाकडी तलवार लावून बसला होता. त्यानं आधी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचा चेहरा पाहून त्या भल्या माणसाला दया आली असावी. तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, "हो जी. मीच."

मग मान झाला. गुलाबचंद लुगडं हातात घेऊन उभा. तो एकदा बायकांच्या बाजूला पाहायचा, एकदा मास्तरांकडे. मास्तर जमिनीकडे पाहत होते. वकीलसाहेबांनी हिरवं लुगडं आणि नारळ मिशावाल्या राजाच्या हातात दिला. पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून मनिरामनं तलवारीसकट ती चालही थोडी चालून दाखवली.

कडेची जागा रिकामी झाली होती.

मास्तर घरी आले तेव्हा दिवा लागलेला होता आणि देवकाबाई तांदूळ निवडत होती. लाकडी पेटीवर चोळीचं कापड घडी करून ठेवलेलं होतं. ते काय आहे आणि कशासाठी काढलं आहे, हे मास्तरांना पाहताक्षणी कळलं. आयुष्यभर पोरांना समजावून सांगणाऱ्या माणसाला स्वतःला एखादी गोष्ट एवढ्या लवकर कधी कळली नव्हती. ते बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते, नेहमीच्या सवयीनं, म्हणाले, "जरा पाणी."

देवकाबाईनं मान वर केली नाही.

"मनिरामले मांगा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मनिराम लुगडं परत द्यायला आला. दारातच उभा राहून, वैनी हे तुमचं, एवढंच म्हणाला. "राहू द्या भाऊजी," ती म्हणाली, "दंडारीत कामी येईल." आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना सोसलं नाही.

त्यानंतर ती भाकर वाढायची, धोतर धुवायची, शाळेची वेळ झाली की कोट काढून ठेवायची. पण पाणी म्हणाल तर नाही. तांब्या रिकामा असायचा. मास्तर उजाडायच्या आधी, कोणी पाहू नये म्हणून, विहिरीवर जाऊ लागले. दोर काथ्याचा, विहीर खोल. पहिल्याच घागरीला तळहात सोलवटले. घरी येईतो निम्मी घागर सांडली, आणि त्या सांडलेल्या पाण्यात प्रेम कुठेही दिसलं नाही. वर्गात खडू धरताना हात हुळहुळायचे. गावात मास्तरांच्या वाटेला कोणी फारसं जात नव्हतं. एकट्या बकारामनं सल्ला दिला की झालं ते झालं, आता दुसरा सिनेमा काढा, आधी विहीर टाका. मास्तर मान खाली घालून पुढे गेले.

त्यांना वाटत होतं की गावच्या बाया निदान सिनेमालाच हसल्या असतील. तेही खरं नव्हतं. बकारामच्या बायकोनं कुंपणावरून मास्तरांना सहज सांगून टाकलं की शूटिंगच्या दिवशी विहिरीवर वैनीला पाहायला आम्ही नव्हतो का. साऱ्या बाया हासत होत्या ते सिनेमाले नाई, तुमाले हासत होत्या. घरच्या लक्ष्मीले मनिराम म्हनते असा मानूस कोनी पाहिलाच नव्हता.

त्या दिवशी शाळा भरायच्या आधी, ऐन पाणी भरण्याच्या वेळी, मास्तर विहिरीवर गेले. अंगात तोच गळाबंद कोट. बायका घागरी घेऊन थबकल्या. हेडमास्तर दिवसाउजेडी बायकांच्या गर्दीत येतो, हेच आधी कोणाला पटेना. देवकाबाई काठावर दोर ओढत होती. घागर वर येईतो मास्तर थांबले. मग घसा खाकरला आणि शाळेत हजेरी घ्यावी तसं, जरा जास्तच मोठ्यानं, बोलले.

"सिनेमातली ती बाई देवका होती. माझी बायको."

तिचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं. एका बाईच्या हातून कळशी निसटली. देवकाबाईचे कान लाल झाले. तिनं घागर काठावर टेकवली आणि विचारलं, "कॅमेरा कुठं हाय?"

"नाही."

"मंग कोन पाहून राह्यलं?"

मास्तरांनी भोवती पाहिलं. "सगळ्या," ते म्हणाले.

आणि आणखी काय करावं ते न सुचल्यामुळे त्यांनी ओंजळ पुढे केली. सोललेले तळहात वर आले. देवकाबाईनं ते पाहिले. मग तिनं घागर उचलली आणि ओतायला लागली. ओंजळ भरली, भरून वाहिली, बाह्या भिजल्या, कोट भिजला, जोडे भरले, आणि तरी ती ओतत राहिली, थेट मास्तरांच्या तोंडाकडे पाहत, घागर पार रिकामी होईतोवर. मग रिकामी घागर त्यांच्या हातात दिली, दोराकडे बोट दाखवलं आणि बायकांत जाऊन उभी राहिली.

ते प्रेम होतं की राग, हे एवढा अभ्यास झालेल्या माणसालाही ठरवता आलं नाही. शाळेची घंटा झाली. मास्तरांनी आधी घागर भरली, ती घरी नेऊन ठेवली, आणि मग ओल्या कोटानं वर्गात जाऊन हजेरी घेतली.